वाट पाडणाऱ्यांचे ऋण : नान्सेनच्या ग्रीनलंड-ग्रंथाचे पुनर्वाचन

प्रवासवर्णन हा मराठी वाचकाच्या विशेष प्रीतीचा वाङ्मयप्रकार आहे. त्याचे परीक्षण करताना आपण लेखकाची निरीक्षणशक्ती, त्याची शैली, विनोदबुद्धी, परक्या समाजाकडे पाहण्याची त्याची दृष्टी या गोष्टींचा विचार करतो. परंतु ज्या वाटेने लेखक गेला ती वाट कोणी पाडली, तिच्यावरून चालण्याचे ज्ञान त्याने कोणापासून घेतले आणि ते ऋण लेखनात कितपत उतरले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न आम्ही एका नॉर्वेजियन ग्रंथाला विचारणार आहोत. फ्रित्योफ नान्सेन (१८६१-१९३०) यांचा ‘स्कीवरून ग्रीनलंडपार’ हा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद दोन खंडांत निघाला. निर्वासितांसाठी केलेल्या कार्याबद्दल १९२२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणारे नान्सेन ते हेच. या लेखात मात्र आम्हांस प्रयोजन आहे ते सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या तरुण नान्सेनशी आणि त्याच्या लेखणीशी.

आरंभी विषयाचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. स्की म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुलमर्ग किंवा औलीचा उतार येतो, तारेवरच्या पाळण्यातून वर जाणारे आणि भरधाव खाली येणारे हौशी लोक येतात. नान्सेनची स्की ती नव्हे. उत्तर युरोपातील स्की हे मुळात हिवाळ्यात एका गावाहून दुसऱ्या गावी, घराहून रानात जाण्याचे साधन. पायाखाली लांब, अरुंद लाकडी फळी. बुटाचे टोक तिला बांधलेले आणि टाच मोकळी. टाच मोकळी असल्यामुळे सपाटीवर घसरत चालता येते आणि चढही चढता येतो. या पद्धतीचेही दोन प्रकार आहेत. एक, आधी कोणीतरी पाडून ठेवलेल्या दोन समांतर चऱ्यांतून जाण्याचा. दुसरा, न मळलेल्या डोंगराळ बर्फातून आपली वाट आपणच काढीत जाण्याचा. या दुसऱ्या प्रकारात सर्वांत पुढच्याचे श्रम सर्वांत अधिक असतात, कारण मऊ बर्फ दाबून मागच्यांसाठी चाकोरी तयार करावयाची ती त्यानेच. म्हणून अनुभवी मंडळी आळीपाळीने पुढे होतात. पुढचा आणि मागचा यांचा हा संबंध वाचकांनी लक्षात ठेवावा. आमच्या विवेचनाचे सूत्र तेच आहे.

ग्रंथाचे कथानक थोडक्यात असे. ग्रीनलंडचे अंतर्गत हिमपठार तोवर कोणी आरपार ओलांडले नव्हते. पूर्वीचे प्रयत्न पश्चिमेच्या वसतीच्या किनाऱ्यावरून झाले होते. नान्सेनने उलटा बेत केला. निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरावयाचे आणि पश्चिमेकडे चालावयाचे, म्हणजे माघारीची वाटच राहणार नाही. नॉर्वे सरकारने द्रव्यसाहाय्य नाकारले. कोपनहेगनचे एक धनिक ऑगस्टिन गामेल यांनी ते दिले. १७ जुलै १८८८ रोजी सहा जणांची तुकडी सीलांची शिकार करणाऱ्या जहाजावरून दोन होड्यांत उतरली. तरंगत्या बर्फात अडकून जवळजवळ बारा दिवस ती दक्षिणेकडे वाहत गेली आणि किनारा लागल्यावर पुन्हा उत्तरेकडे वल्ही मारीत आली. ऑगस्टच्या मध्यास चढण सुरू झाली. सप्टेंबरच्या आरंभापासून स्की सलग पायी बांधल्या गेल्या. सुमारे २,७०० मीटर उंचीवर रात्री पारा शून्याखाली चाळीस अंशांच्याही पलीकडे जाई. सुकविलेल्या मांसातील चरबी काढून टाकलेली असल्यामुळे सर्वांना स्निग्ध पदार्थांची विलक्षण भूक लागे. पठाराच्या पश्चिम अंगास वारा अनुकूल होताच त्यांनी स्लेजगाड्यांना शिडे बांधली. किनारा गाठल्यावर तंबूचे कापड आणि झुडपांच्या फांद्या यांची एक ओबडधोबड होडी करून नान्सेन आणि ओट्टो स्वेर्द्रुप ३ ऑक्टोबरला गोदथोब (आजचे नूक) येथे पोचले. मागे राहिलेले चौघे १२ ऑक्टोबरला आले.

या सामग्रीतून दुसऱ्या एखाद्या लेखकाने वीररसाचा महापूर आणला असता. नान्सेनचे गद्य संयमी आहे. संकटाचे वर्णन तो खाण्याच्या वाटणीच्या, वाऱ्याच्या दिशेच्या आणि बर्फाच्या पोताच्या तपशिलांनी करतो. बर्फ आज कोरडा वाळूसारखा होता म्हणून गाड्या सरकत नव्हत्या, काल वर पापुद्रा धरला होता म्हणून पाय रुतत नव्हते, अशा नोंदी पानोपानी येतात आणि त्यांतूनच त्या प्रचंड पांढऱ्या शून्याची जाणीव वाचकाच्या मनात हळूहळू मुरते. प्रवासवर्णनाचा हा उत्तम गुण होय. निसर्ग किती भव्य आहे हे सांगण्यापेक्षा त्यातून पाऊल कसे पडले हे सांगितल्यानेच भव्यता अधिक प्रतीत होते.

तथापि, ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग आमच्या मते मोहिमेचा नसून स्कीविद्येचा इतिहास सांगणाऱ्या प्रकरणाचा आहे. उतावळा वाचक ते ओलांडून जाण्याचा संभव आहे. साहित्यप्रेमी वाचकाने मात्र तेथेच थांबावे. उत्तर युरोप आणि उत्तर आशिया येथील निरनिराळ्या लोकांत स्कीला कोणते शब्द आहेत याची तुलना नान्सेन करतो आणि शब्दांच्या नात्यागोत्यावरून या साधनाचा उगम बैकल सरोवर व अल्ताई पर्वत यांच्या आसपास झाला असावा, असा तर्क मांडतो. तो काल तौलनिक भाषाशास्त्राच्या बहराचा होता आणि शब्दावरून संस्कृतीचा माग काढण्याचा उत्साह सर्वत्र होता. तेव्हा त्याचे निष्कर्ष आज जपूनच स्वीकारावे लागतील. पुढे दलदलीत सापडलेल्या अवशेषांनी या साधनाचे वय फारच मागे नेले. स्वीडनमधील काल्व्त्रेस्क येथील स्की पाच हजार वर्षांहून जुनी आहे. पण पद्धतीचे सौंदर्य त्यामुळे उणावत नाही. कोणाही एका राजाने वा शोधकाने नव्हे, तर नाव नसलेल्या शिकाऱ्यांनी आणि पशुपालकांनी हे ज्ञान एका भाषेतून दुसऱ्या भाषेत पोचविले, हे सत्य शब्दांच्या यादीतून आपोआप प्रकट होते.

हा ग्रंथ मराठीत आणू पाहणाऱ्याची खरी परीक्षा येथेच आहे. आपल्याकडे ‘बर्फ’ हा एकच शब्द आकाशातून पडणाऱ्या मऊ कणांना, गोठलेल्या सरोवराला आणि रसवंतीवरच्या लादीलाही चालतो; ‘हिम’ बहुधा काव्यात राहतो. नॉर्वेजियन भाषेत वितळून पुन्हा गोठलेल्या वरच्या कवचाला ‘स्कारे’ हा स्वतंत्र शब्द आहे. त्याहून मार्मिक शब्द ‘फोरे’. आजचा बर्फ स्कीवरून जाण्यास कसा आहे, त्या अवस्थेचे हे नाव. तो वस्तूचा वाचक नाही. वस्तूच्या योग्यतेचा वाचक आहे. प्रथमदर्शनी वाटते की असा शब्द आपणांस कोठून मिळणार? पण माळव्याच्या काळ्या मातीत किंवा बेळगावकडच्या रानात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना ‘वाफसा’ हा शब्द आठवेल. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल, ना कोरडी, अशी पेरणीजोगी होते ती वाफशाची अवस्था. ‘फोरे’ आणि ‘वाफसा’ हे शब्द दोन टोकांच्या हवामानांतले. परंतु त्यांना जन्म देणारी दृष्टी एकच, कष्टकऱ्याची. असे शब्द ज्या घरांतून हरवतात तेथून ती दृष्टीही हळूहळू जाते.

आता ग्रंथाच्या उणिवेकडे वळू. मोहिमेतील सहांपैकी दोघे सामी जमातीचे होते. एक सत्तावीस वर्षांचा सामुएल बाल्तो. दुसरा चाळिशी उलटलेला, मुलाबाळांचा धनी, रेनडिअर पाळणारा ओले निल्सेन राव्ना. जुन्या ग्रंथांत या लोकांना ‘लॅप’ म्हटलेले आढळते. ते नाव आता अवमानकारक मानले जाते. या दोघांविषयी नान्सेन लिहितो त्यात आपुलकी आहे, पण ती मालकाची. त्यांची भीती, रडकुंडीला येणे, बर्फाच्या तरंगत्या तुकड्यावर बसून सामी भाषेतील नवा करार वाचणे, राव्नाचे रेंगाळणे हे सारे तो सौम्य विनोदाने रंगवितो. वाचकास हसू येते आणि दुसऱ्या वाचनात त्या हसण्याचा संकोच वाटतो. घरी बायको आणि पाच मुले ठेवून आलेल्या माणसाला ‘माघारीची वाट नाही’ या योजनेत वीरश्री दिसली नाही, तर त्यात भित्रेपणा कसला? तो व्यवहारी विवेकच म्हणावा लागेल.

याहून महत्त्वाचा मुद्दा मोहिमेच्या मूळ कल्पनेचा. नान्सेन स्वतःच प्रांजळपणे सांगतो की, १८८३ मध्ये नोर्देनशेल्ड यांच्या ग्रीनलंड-मोहिमेतील दोन सामींनी स्कीवरून हिमपठारावर फार दूरवर मजल मारल्याची वार्ता कानी पडली, तेव्हा त्याच्या मनात हा विचार चमकला. ते दोघे म्हणजे पाव्वा लार्स तुओर्दा आणि आंद्रेस रास्सा. सत्तावन्न तासांत जाऊन-येऊन ४६० किलोमीटर गेल्याचे त्यांचे म्हणणे स्वदेशी पंडितांना खरे वाटेना. तेव्हा नोर्देनशेल्ड यांनी एप्रिल १८८४ मध्ये स्वीडनच्या उत्तर भागातील योक्मोक येथे २२० किलोमीटरांची शर्यत लावली. तुओर्दाने ती २१ तास २२ मिनिटांत जिंकली आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली. ज्यांच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही त्यांच्या पायांवर विश्वास ठेवून पुढची मोहीम उभी राहिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ग्रंथात हे ऋण नमूद आहे. पण ते एका नोंदीपुरतेच राहते, ग्रंथाचा स्थायी भाव होत नाही.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, बाल्तोने सांगितलेल्या वृत्तान्तातील उतारे नान्सेनने आपल्या ग्रंथात घेतले आहेत. त्या काळच्या किती मोहीमनायकांनी आपल्या मजुरीच्या माणसास आपल्याच ग्रंथात बोलू दिले? ते उतारे वाचताना प्रसंग तोच असून प्रकाश दुसऱ्या बाजूने पडतो आणि नायकाच्या वर्णनात हास्यास्पद वाटलेला माणूस स्वतःच्या शब्दांत शहाणा दिसू लागतो. लेखकाच्या मोठेपणाची ही खूण आहे. आपल्या मर्यादेवरचा उतारा त्याने आपल्याच ग्रंथात ठेवून दिला. बाल्तो पुढे अलास्कास गेला आणि १९२१ मध्ये तेथेच वारला. १९२५ साली घटसर्पावरील प्रतिविष बर्फातून नोम गावी पोचविणाऱ्या ज्या कुत्र्याचे नाव जगभर झाले, त्याला ‘बाल्तो’ हे नाव याच्यावरून दिलेले होते. कुत्रा प्रसिद्ध झाला. माणूस विस्मृत राहिला!

एखाद्या ग्रंथाचे मूल्यमापन त्याच्या परिणामांवरूनही करावे लागते. या ग्रंथाने मध्य युरोपात स्कीचे वेड पसरविले. ऑस्ट्रियाच्या मथियास झ्दार्स्कीने तो वाचून स्की मागविल्या आणि उताराची नवी विद्या रचली. दुसरीकडे, ध्रुवाच्या शर्यतीचे आणि विक्रमांचे युग आले. परंतु नॉर्वेच्या लोकजीवनात या विद्येचा खरा वारसा तिसऱ्याच ठिकाणी मुरलेला आढळतो. ते ठिकाण म्हणजे वाटा सांभाळणाऱ्या मंडळ्या. ओस्लो शहराला लागून असलेल्या अरण्यात १८८३ साली स्थापन झालेला स्की-संघ अडीच हजार किलोमीटरांहून अधिक हिवाळी वाटांची निगा राखतो. बर्फ पडला की यंत्राने पृष्ठभाग दाबून चऱ्या पाडल्या जातात. बर्फ नसतानाची झाडोरा तोडणे, साकव दुरुस्त करणे, पाट्या रंगविणे ही कामे लोक एकत्र जमून करतात. अशा सामुदायिक श्रमाला तेथे ‘दुगनाद’ म्हणतात. आपल्या शेतीतील ‘इर्जिक’ त्याचीच बहीण.

डोंगरातील वाटांचे काम १८६८ मध्ये स्थापन झालेला पर्यटन-संघ पाहतो. उन्हाळ्यात दगडांवर लाल रंगाचे ‘टी’ अक्षर आणि ईस्टरच्या सुमारास बर्फात ओळीने रोवलेल्या फांद्या, ही त्याची खूण. धुके दाटले तरी एका फांदीपासून दुसरी सापडावी, असा हेतू. या संघाच्या पाचशेहून अधिक झोपड्या आहेत. त्यांपैकी अनेकींत कोणी रखवालदार नसतो. सभासदाजवळच्या किल्लीने दार उघडावे, सरपण पेटवावे, फडताळातील अन्न घ्यावे, वहीत नोंद करून पैसे भरावे आणि जाताना पुढच्यासाठी लाकडे फोडून ठेवावी. आयुष्याची पस्तीस वर्षे सरकारी भांडारांच्या नोंदवह्या तपासण्यात घालविलेल्या आम्हांस ही व्यवस्था एखाद्या महाकाव्याइतकी अद्भुत वाटते.

येथे ग्रंथ आणि समाज यांतील एक अर्थपूर्ण विरोध नजरेस येतो. नान्सेनची योजना माघार अशक्य करण्यावर उभी होती. उलट १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत अठरा जणांचा बळी गेल्यावर रेडक्रॉस आणि पर्यटन-संघ यांनी जे डोंगरनियम घरोघरी पोचविले, त्यांत वेळीच परत फिरण्याचा उपदेश आहे आणि परत फिरण्यात लाज नाही, असे बजाविलेले आहे. २०१६ मध्ये नियमांची मांडणी सुधारली. हा आशय कायम राहिला. ज्या देशाने माघार नाकारणाऱ्याला राष्ट्रपुरुष मानले, त्याच देशाने मुलांना माघारीचे शहाणपण पाठ करावयास लावले. हा विरोध राष्ट्राच्या प्रौढत्वाचा द्योतक होय. राव्नाचा विवेक अखेर नियमावलीत आला, असेही म्हणता येईल. स्वतः नान्सेननेही १९२१ मध्ये पर्यटन-संघापुढे बोलताना विक्रमांच्या हव्यासापेक्षा रानातील साध्या, एकांतमय वावराची बाजू घेतली होती.

बिर्केबायनर शर्यतीचेही असेच. १२०६ मध्ये दोन वर्षांच्या राजपुत्र होकोनला शत्रूपासून वाचविण्यासाठी दोन योद्ध्यांनी स्कीवरून डोंगर ओलांडला. त्या स्मरणार्थ १९३२ पासून होणाऱ्या शर्यतीत प्रत्येकास पाठीवर साडेतीन किलोंचे ओझे, म्हणजे त्या बाळाच्या भाराची खूण, वाहावे लागते. स्मरण राजाचे होते हे खरे. पण अनुकरण मात्र त्याला पाठीवर घेणाऱ्यांचे.

आता आपल्या वाङ्मयाकडे. आमचा कसोटीचा प्रश्न गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ला विचारला तर उत्तर समाधानकारक येते. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात ग्वाल्हेर-झाशीच्या राजकारणाइतकीच सोबतीची माणसे, उतरण्याच्या जागा आणि खांद्यावरची गंगेची कावड जिवंत आहे. कारण लेखक स्वतःच ओझे वाहणारा होता. पुढे आगगाडीचा आणि विमानाचा प्रवास आला, तसा वाट दाखविणारा माणूस प्रवासवर्णनातून बहुधा नाहीसा झाला आणि लेखकाचा ‘मी’ मात्र वाढत गेला. सरकारी दौऱ्याच्या दैनंदिनीतही हेच दिसे. साहेबांनी पाहणी केली हे लिहिलेले असे. पुरातून साहेबांना पायउतार दाखविणारा कोटवार तेथे नसे.

याच कसोटीवर आपल्या संस्थांचे इतिहासही उतरवून पाहावेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथील आपल्या वाचनालयांच्या आणि साहित्यसभांच्या स्मरणिका वाचाव्यात. अध्यक्षांची छायाचित्रे, देणगीदारांची यादी, पाहुण्यांची भाषणे हे सर्व असते. बडोदे संस्थानातील फिरत्या ग्रंथालयांविषयी लिहिताना सयाजीराव महाराजांचा आणि १९१० मध्ये आलेल्या अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांचा उल्लेख आपण आदराने करतो आणि तो योग्यच आहे. पण पुस्तकांच्या पेट्या गावोगाव वाहून नेणारे कोण होते? घरोघर मासिके पोचविणारे, वाळवीपासून पोथ्या वाचविणारे, रविवारी मुलांना बाराखडी गिरवून घेणाऱ्या बाया कोण होत्या? ते आठवणारी पिढी आज आपल्यात आहे. आणखी दहा वर्षांनी नसेल. त्यांच्याकडून ही नावे आजच लिहून घेणे आमच्या मते पुढच्या स्मरणिकेच्या अभिनंदनपर लेखांपेक्षा अधिक निकडीचे आहे.

बर्फावरील वाटेचा एक धर्म असा की, ती एका रात्रीत बुजते. काल पाडलेली चाकोरी आज सकाळी नसते; ती पुन्हा पाडावी लागते, आणि पाडणाऱ्यास आपण काही कायमचे केले असे म्हणता येत नाही. परभाषिक प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांतील मराठीचेही असेच आहे. पणजोबांनी पाडलेल्या वाटेवर पणतू आपोआप चालू लागत नाही. प्रत्येक पिढीत कोणास तरी पुढे व्हावे लागते आणि तो थकला म्हणजे दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी लागते.

नान्सेनचा ग्रंथ थोर आहे, यात संशय नाही. पण तो वीराच्या जयगाथेमुळे थोर नाही. शब्दांचा माग काढणारे ते एक प्रकरण, बर्फाच्या पोताच्या त्या अगणित नोंदी आणि बाल्तोचे ते थोडेसे उतारे यांमुळे तो आजही वाचनीय ठरतो. पुढे चालणाऱ्याची कीर्ती त्याने लिहिली; चाकोरी घडविणाऱ्यांची साक्ष त्याच्या हातून, काहीशी नकळत, जतन झाली. आम्ही हा ग्रंथ पुन्हा वाचला तो या साक्षीसाठी, आणि वाचकांनीही तो त्याच दृष्टीने वाचावा, अशी आमची शिफारस आहे.